डावे-उजवे

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. त्यामुळे आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की ती दुरुस्तीला जाण्याआधी तिच्या नावाची व्युत्पत्ती निघते. 'जोडा' या शब्दाची चर्चा आमच्याकडे अशीच बरेच दिवस चालली होती. ज्या जोड्यावरून ती सुरू व्हायला हवी होती त्याच्याकडे मात्र आम्ही जवळजवळ वर्षभर नीट पाहिलेही नव्हते. हे टिपण त्या वर्षाबद्दल आहे.

लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पर्यटकांना तो धबधब्यांच्या रूपाने दिसतो, येथे राहणाऱ्यांना शेवाळाच्या. २०२२ च्या जुलैमध्ये घराच्या फाटकापाशी, वर्षानुवर्षे पायाखालच्या असलेल्या एका फरशीवर आमच्यापैकी एकीचा पाय घसरला आणि डावा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर व्यायाम, गरम-थंड पाण्याचे शेक. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी सांगितले, की आता हाड जुळले आहे, आता चाला. फक्त चपला-सँडल बंद करा आणि चांगले मऊ तळाचे बूट घ्या. आम्ही लोकलने पुण्याला गेलो आणि एका मोठ्या दुकानातून स्नीकर्स घेतले. आमच्या आधीच्या कोणत्याही चार जोड्यांच्या बेरजेहून त्यांची किंमत अधिक होती. महाग वस्तूवर संशय घ्यायला मन सहजी धजत नाही, हे येथेच नोंदवून ठेवतो.

ते बूट घातले की डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला दुखे. प्रथम थोडे, मग वळवण धरणाच्या रस्त्याने अर्ध्यापर्यंत गेले की पाय टेकवेनासा होई. घरात स्लिपरवर तितके दुखत नसे. पण घरात चालणे ते कितीसे, असे आम्हीच त्याचे उत्तर काढले. पुन्हा एक्स-रे झाला. हाड उत्तम जुळले होते. डॉक्टर भले गृहस्थ. ते म्हणाले, मोडलेल्या पायावर भार टाकायला मन घाबरते, माणूस पाय चोरून टाकतो आणि त्याने दुखते. हे निदान आम्हांला फार आवडले. मानसशास्त्रीय स्पष्टीकरण मिळाले की साहित्याच्या माणसाचे समाधान होते. पात्राच्या लंगडण्यामागे अंतर्मनातले भय शोधायला आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. ते आता घरात शोधू लागलो. आमच्यापैकी एक दुसरीला रोज सकाळी सांगत असे, "भीती काढून टाक, पाय सरळ टाक." आणि याहून वाईट गोष्ट अशी, की दुसरीलाही ते पटले होते. ती स्वतःच्या पायाची साक्ष अमान्य करू लागली होती. कॉलेजला रिक्षाने जाणे सुरू झाले. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला दर जानेवारीत कार्ल्याच्या लेण्यांना न्यायचे, हा तिचा बारा वर्षांचा नेम. त्या वर्षी तिने ते काम दुसऱ्या प्राध्यापकांकडे दिले आणि घरी येऊन, "वयच झालंय आता," असे म्हणाली. वय पंचेचाळीस.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही बाजारात एका चर्मकाराकडे पिशवीचा तुटलेला बंद शिवायला गेलो. निळ्या प्लॅस्टिकच्या कागदाखाली त्यांची बैठक. समोर आरी, रापी, मेणाचा गोळा आणि बूट उपडा घालायची लोखंडी तिपाई. काम होईपर्यंत त्यांनी स्टूल दिले. बसल्यावर तिने सवयीने डावा बूट काढला आणि घोटा चोळू लागली. काकांनी तो बूट उचलला, दुसराही मागून घेतला. पिशवी बाजूला राहिली. शेजारच्या लाकडी खोक्यावर दोन्ही बूट टाचा आपल्याकडे करून ठेवले, मान खाली घालून डोळे खोक्याच्या पातळीत आणले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग बोटाने डाव्या टाचेचा मागचा कप दाखवला. तो आत झुकला होता. उजवा सरळ उभा होता, डावा दारूड्यासारखा कलंडलेला.

"चालून चालून झिजला असेल," आम्ही म्हणालो.

त्यांनी दोन्ही बूट तळाला तळ लावून धरले. रबर दोन्हीकडे सारखेच, जेमतेम झिजलेले होते. "झिजला असता तर तळ सांगितला असता, सर. हा वरचा भाग तळाला चिकटवतानाच तिरका बसलाय. असा बूट घातला तर चांगला पाय पण आत मोडतो." आणि मग तिच्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, पाय बरा हाय तुमचा. बूट लंगडा हाय."

बंद शिवण्याचे त्यांनी वीस रुपये घेतले. बूट पाहण्याचे काहीच घेतले नाहीत.

त्या रात्री आम्ही बूट कसे होतात हे वाचायला बसलो. चूक कळल्यावर ग्रंथांकडे धावणे हाही आमचा व्यावसायिक दोष. वाचून जे कळले ते आम्हांला आश्चर्याचे वाटले. आपली समजूत अशी असते, की डावा आणि उजवा बूट एकत्र जन्मतात. तसे नसते. वरच्या भागाचे तुकडे कापडाच्या किंवा कृत्रिम चामड्याच्या थरांतून डाव्या-उजव्या साच्यांनी वेगवेगळे कापले जातात. ते शिवणाऱ्या हातांनी सर्व तुकडे एकाच ताणाने ओढलेले असतील असे नाही. तळाचा मऊ थर बहुधा ईव्हीए नावाच्या फेसाळ रबरसदृश द्रव्याचा असतो. तो साचा उघडताच फुगून साच्यापेक्षा मोठा होतो आणि मग थंड होताना थोडा आकसतो. डाव्याचा साचा निराळा, उजव्याचा निराळा. उष्णता, वेळ यांत थोडा फरक पडला की जाडीत नि कठीणपणात फरक. शेवटी शिवलेला वरचा भाग पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर ताणून बसवायचा, तळाला गोंद लावायचा, दोन्ही गरम करून एकमेकांवर दाबायचे. हे दाबणे काही सेकंदांचे काम. त्या काही सेकंदांत वरचा भाग दोन-तीन मिलिमीटर सरकला तर टाच कायमची तिरपी. आणि हे सारे झाल्यावर कुठल्या तरी टेबलावर एक डावा आणि एक उजवा खोक्यात शेजारी ठेवतात. तोवर त्यांची ओळखही नसते. पत्रिका न पाहता जुळवलेला हा जोडा. क्रमांक जुळला की झाले.

क्रमांकाचेही असेच. इंग्रजी मापात एक क्रमांक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. अर्धा क्रमांक सव्वाचार. म्हणजे दोन बुटांत तीन मिलिमीटरचा फरक असला तरी दोघांवर आकडा तोच छापला जातो आणि तो खोटा म्हणता येत नाही. शिवाय ही मापे मुळात आपल्या पायांवरून घेतलेलीच नव्हेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले आणि भारतीय पायांसाठी 'भ' नावाची मापपद्धती सुचवली. माप कशालाही म्हणावे, पण त्याला एक वर्ण दिला हे आम्हां भाषेच्या माणसांना सुखावून गेले. 'भ'पासून भारत, हे कळण्यासारखे. आमच्या मनात मात्र प्रथम आले ते 'भोक'.

डाव्या-उजव्याचा हा आग्रह बूटनिर्मितीत सर्वकाळ होता असेही नाही. रोमन लोक दोन पायांचे दोन वेगळे जोडे करीत. पण पुढे युरोपात, टाचा उंच झाल्यानंतरची दोनेक शतके, दोन्ही बूट एकाच सरळ आकाराचे होत. पंजाबी जुत्ती परंपरेने तशीच असते: घेताना डावी-उजवी नसते, घालून घालून पायच ठरवतात. म्हणजे डावे-उजवेपण कारागीर देत नव्हता, वापरणारा देत होता. पुढे अमेरिकेत थॉमस ब्लँचर्डने बंदुकीचे दस्ते नमुन्याबरहुकूम कोरणारे यंत्र केले आणि १८१९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याच तत्त्वावर बुटाचे लाकडी ठोकळे कोरले जाऊ लागले आणि एकाच नमुन्यावरून डावा व त्याचे आरशातले रूप असा उजवा काढणे सोपे झाले. या ठोकळ्याला मराठीत एक देखणा शब्द आहे, कलबूत. कारागीर आता 'फर्मा' म्हणतात. आमच्या वर्गातल्या साठ मुलांपैकी एकालाही 'कलबूत' माहीत नव्हता. आम्हांलाही तो त्या रात्रीच आठवला.

शब्दांकडे वळलोच आहोत, तर तेथे थोडे रेंगाळू द्यावे. डाव्या-उजव्यांत आपल्या भाषेने कधी तटस्थपणा राखलेला नाही. एखादा दुसऱ्याहून 'उजवा' ठरतो, म्हणजे सरस ठरतो. लेक 'उजवतात', कूस 'उजवते'. याउलट डाव्यापासून आपण 'डावलणे' केले. पंगतीत वाढप्याने 'डावे-उजवे' केले म्हणजे पक्षपात केला. गंमत अशी, की संस्कृतात 'सव्य' म्हणजे डावा. अर्जुन सव्यसाची तो डाव्या हातानेही बाण सोडतो म्हणून. पण जानवे डाव्या खांद्यावर ही नेहमीची, शुभ स्थिती. तिला सव्य म्हणता म्हणता मराठीत 'सव्य' हा शब्दच उजव्या बाजूला जाऊन बसला आणि 'अपसव्य'च्या वाट्याला डावेपण व अशुभ आले. चांगले ते उजवेच असले पाहिजे, या हट्टापायी भाषेने एका शब्दाची अख्खी कूस बदलली. आम्ही हे वर्गात दरवर्षी मजेने सांगत आलो. त्या मे महिन्यात मात्र 'डावलणे' हा शब्द आम्हांला गमतीचा वाटला नाही. एक डावा पाय सात महिने सांगत होता आणि आम्ही दोघांनी मिळून तो डावलला होता. एक्स-रेचे ऐकले, किमतीचे ऐकले, मनोविश्लेषणाचे ऐकले. ज्याच्यावर भार पडत होता त्याचे ऐकले नाही.

(समासाचा प्रश्नही त्या ओघात निघालाच. 'डावेउजवे' हा इतरेतर द्वंद्व की वैकल्पिक? दोघांची मते दोन झाली. एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षकांचे गुण वेगळे पडतात तेव्हा विद्यापीठाने मॉडरेशनची सोय केली आहे. संसारात ती नसते. असो.)

हाताने केलेल्या जोड्यात असा फरक नसतो काय? असतो. आमच्यापैकी एकाच्या आजोबांच्या कोल्हापुरी चपला आमच्याकडे अजून आहेत. मोजपट्टी लावली तेव्हा डावा तळ उजव्याहून लांबीला चांगला पाव इंच कमी भरला. कानांची वेणीही एकीकडे घट्ट, एकीकडे सैल. परंतु आजोबांनी कधी घोटा चोळल्याचे कुणाच्या आठवणीत नाही. कोल्हापुरीचे कातडे म्हशीचे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले. त्यात खिळा नाही, शिवण चामड्याच्याच वादीची. जोडीचे दोन्ही तळ जाणता कारागीर शक्यतो एकाच कातड्याच्या जवळजवळच्या भागातून काढतो, म्हणजे दोघे सारखे झिजतात. अशा कामात गिऱ्हाइकाचा पाय समोर असतो, आणि बहुतेक माणसांचे दोन पाय थोडे असमान असतात. आजोबांचा डावा पाय लहान होता की कारागिराचा हात चुकला, हे आता सांगता यायचे नाही. पण तो फरक कुणाच्या तरी डोळ्यांखालून गेलेला होता, एवढे खरे. कारखान्यातला फरक कुणाच्याच डोळ्यांखालून जात नाही; तो मर्यादेत बसला की बसतो.

हे लिहिताना हस्तकलेचे गोडवे गाण्याचा मोह होतो आणि तो आवरला पाहिजे. ज्या हातांनी आजोबांची चप्पल केली त्या हातांना आजोबांच्या ओसरीवर जागा नव्हती. 'पायीची वहाण पायी बरी' ही म्हण आपण फार सहज शिकवतो. कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला दाखवल्या तेव्हा आपल्याकडे संताप उसळला. तो रास्त होता. पण त्या चपलेचा अभिमान आणि ती करणाऱ्याचा मान हे दोन बूटही एकाच मापाचे नाहीत.

बाराव्या शतकातल्या हरळय्याची कथा लिंगायत परंपरेत प्रसिद्ध आहे. कल्याणचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा हा चर्मकार शरण. बसवण्णांनी आपल्याला आदराने नमस्कार केला, तेही एकदा नव्हे, याचे ऋण कसे फेडावे या विचाराने त्याने आणि त्याच्या पत्नीने, कल्याणम्माने, आपापल्या मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी जोडा शिवला. बसवण्णांनी तो पायांत घातला नाही, मस्तकी धरला. पुढे हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण घरातून आलेल्या मधुवय्याच्या मुलीशी झाला, त्या सोयरिकीसाठी दोघा बापांना देहदंड मिळाला आणि कल्याणात हाहाकार झाला. कथेची ही बाजू अधिक मोठी आहे हे आम्हांला कळते. तरी त्या दिवसांत आमचे मन पहिल्याच भागापाशी घुटमळत राहिले. दोन देहांच्या कातड्याचा एक जोडा. तो तंतोतंत सारखा झाला असेल काय? नवऱ्याचे कातडे राठ, बायकोचे कदाचित मऊ. असा विजोड जोडा मस्तकी धरायला हरकत नाही. चालायला तो कसा झाला असता, हे विचारण्याचा अधिकार कथा आपल्याला देत नाही.

दुकानाने बूट परत घेतले नाहीत. सात महिने वापरलेल्या मालाची तक्रार कशी चालेल, हा त्यांचा प्रश्न बिनचूक होता. आम्ही तेथूनच नवे घ्यायचे ठरवले आणि काकांची परीक्षा काचेच्या काउंटरवर सुरू केली. टाचा आपल्याकडे, डोळे पातळीत. विक्रीवरचा मुलगा आधी हसला, मग स्वतःच वाकून पाहू लागला. पहिल्या खोक्यात उजव्याची जीभ एकीकडे सरकलेली. दुसऱ्यात डावा किंचित आत झुकलेला. तिसऱ्यात डावा निर्दोष, उजव्याची चवड्याकडची शिवण वर चढलेली. चौथ्यात नेमके उलट: उजवा सुरेख, डावा बिघडलेला. मुलगा म्हणाला, "मॅडम, तिसऱ्यातला डावा आणि चौथ्यातला उजवा देऊ का? नंबर एकच आहे."

दोन अनोळखी बूट काउंटरवर शेजारी ठेवले. मूळच्या जोडीदारांपेक्षा ते एकमेकांना अधिक शोभत होते. आम्ही पैसे काढले आणि तेवढ्यात आमच्यापैकी जिचा पाय होता तिने विचारले, "आणि हे उरलेले दोन?"

"पॅक करून ठेवणार."

"एकत्र?"

"हो. नंबर एकच आहे ना."

म्हणजे कुठलीशी बाई येणार, किंमत पाहून विश्वास टाकणार, आणि दोन्ही पायांनी दोन वेगवेगळ्या चुका घेऊन चालू लागणार. घरी कुणीतरी तिला म्हणणार, भीती काढून टाक. आम्ही बराच वेळ उभे राहिलो. शेवटी त्या मुलाने खोक्यावर पेनने 'डिफेक्ट' असे लिहिले आणि ते काउंटरखाली वेगळे ठेवले. आमची पाठ वळल्यावर ते खोके कुठे गेले हे आम्हांला माहीत नाही. आम्ही आमचा जोडा घेऊन निघालो, हे तेवढे माहीत आहे.

२०२४ च्या जानेवारीत दुसऱ्या वर्षाचा वर्ग पुन्हा तिच्याबरोबर कार्ल्याला गेला. आमच्यापैकी दुसरा पिशव्या धरायला. पायऱ्यांवर फुलवाले, नारळवाले, एकवीरेला निघालेली कोळी कुटुंबे. ती मध्ये दोनदा थांबली, पण घोट्यासाठी नव्हे, मुलांची धाप ओसरावी म्हणून. वर चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दोन हजार वर्षांची दगडी जोडपी उभी आहेत. आत दोन्ही हातांना पंधरा-पंधरा शिल्पांकित शिरांचे खांब. लांबून सारखे, जवळ गेले की प्रत्येकावरचे स्वार निराळे. बाहेर, तोंड लेण्याकडे केले तर डाव्या हाताला, चार सिंहांचा उंच स्तंभ आहे. उजव्या हाताला एकवीरेचे देऊळ.

"मॅडम, दुसरा खांब कुठे गेला?" एका मुलीने विचारले.

ती म्हणाली, अभ्यासकांचा कयास असा, की त्याची जोडी देवळाच्या जागी असावी. मग तीच थोडे थांबून म्हणाली, "मला विचाराल तर हा एकटा काही वाईट दिसत नाही." मुलांनी ते वहीत उतरवून घेतले नाही, हे बरे झाले.

मोडलेल्या घोट्याला चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते. पहिल्या पायरीशी आमच्यापैकी एकाने हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली. "तू तुझ्या पायऱ्या बघ."